ऑल-इन-वन घ्यायचा की डबा? भांडण अपग्रेडवरून चालतं, खरा मुद्दा वेगळाच आहे

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ओळखीतला कोणी ना कोणी हाच प्रश्न घेऊन येतोय. जुना डेस्कटॉप तसा चालतोय, पण विंडोज ११ टाकायला गेलं की नाही म्हणतो, मग आता नवीन घ्यायचाच आहे तर तो टीव्हीसारखा दिसणारा, सगळं पोटात असलेला घेऊ का परत तोच डबा आणि मागे वायरींचं जंगल? सल्ला देणारेही दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणतो ऑल-इन-वन म्हणजे नुसती शोभेची वस्तू, हात लावू नकोस. दुसरा म्हणतो अरे कोण उघडतंय आजकाल कॉम्प्युटर, घे आणि मोकळा हो. गंमत म्हणजे दोघांचंही निम्मं बरोबर आहे, आणि ज्यावरून दोघं भांडतायत तो मुद्दाच मला जरा बाजूचा वाटतो.

## आधी कशाला काय म्हणतात ते

स्क्रीनशेजारच्या डब्याला आपण सगळेच सीपीयू म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, काडेपेटीएवढी चिप, हिशोब करणारी. डब्याचं नाव कॅबिनेट किंवा टॉवर. आत एक मोठी पाटी असते, मदरबोर्ड, तिच्यावर सगळं खोचलेलं असतं: प्रोसेसर, रॅम (चालू कामापुरती जागा, मशीन बंद केलं की रिकामी), एसएसडी किंवा हार्ड डिस्क (फायली कायमच्या राहतात ती जागा), लागलंच तर ग्राफिक्स कार्ड (गेम, थ्रीडी वगैरेची जड चित्रं काढणारं), आणि या सगळ्यांना वीज देणारा एसएमपीएस. हे सगळे पार्ट सुटे निघतात, दुसरे बसतात, म्हणून याला एक्स्पांडेबल म्हणायचं, म्हणजे नंतर वाढवता येणारा.

ऑल-इन-वनमध्ये हेच सगळं स्क्रीनच्या पाठीत बसवलेलं असतं. भिंतीत एक वायर, बस्स.

हा वाद नवा नाहीये बरं का. ॲपलनेच १९७७ साली ॲपल टू काढला त्यात कार्डं खोचायला ८ स्लॉट होते, आणि त्याच कंपनीने १९८४ साली मॅकिंटॉश काढला तो पूर्ण बंद डबा, ९ इंची स्क्रीन आतच, १२८ केबी रॅम बोर्डावर पक्की, एकही स्लॉट नाही. एकाच कंपनीची सात वर्षांत दोन टोकाची उत्तरं. तेव्हाही लोक भांडलेच होते.

## टीव्हीत व्हीसीआर असायचा, आठवतंय का

एके काळी असे टीव्ही मिळायचे ज्यांच्यात खाली व्हीसीआर बसवलेलाच असायचा. जागा कमी, वायर नाही, एकच रिमोट. पण व्हीसीआरचं हेड खराब झालं की रिपेअरला काय जायचं? अख्खा टीव्ही. आणि व्हिडिओ कॅसेटचा जमाना संपला तेव्हा धडधाकट टीव्हीच्या पोटात एक मेलेलं यंत्र कायमचं राहिलं.

ऑल-इन-वनचं दुखणं हेच आहे. कॉम्प्युटरचे सगळे पार्ट एका वेगाने म्हातारे होत नाहीत. चांगला मॉनिटर दहा वर्षं आरामात चालतो आणि दहा वर्षांनीही वाचायला-बघायला ठीकच असतो. कॅबिनेट तर लोखंडाचा पत्रा, त्याला काय होणारे. त्या पाट्या कॅबिनेटमध्ये बसवायचं एटीएक्स नावाचं माप १९९५ साली ठरलं आणि आजही तेच चालतं. प्रोसेसर आणि बोर्ड मात्र सहा-सात वर्षांत मागे पडतात, आणि त्यातही बरेचदा ते बिचारे बिघडलेले नसतात, सॉफ्टवेअरच पुढे निघून जातं. विंडोज ११ चंच बघा, त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, म्हणजे २०१७ च्या शेवटापासूनचा. त्याच्या आधीचा असेल तर मशीन कितीही नीट चालत असू दे, मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते बाद.

आता हे वेगवेगळ्या आयुष्याचे पार्ट तुम्ही एकमेकांना चिकटवले की सगळ्यांचं आयुष्य सगळ्यात कमजोर पार्टाएवढं होतं. म्हणून मी लोकांना "अपग्रेड करणार का" असं विचारतच नाही, मी विचारतो की एक पार्ट गेला तर त्याच्यासोबत काय काय टाकायला लागेल.

## ज्याच्यावर कोणी बोलत नाही ती गोष्ट, उष्णता

इथे जरा थांबू कारण स्पेसिफिकेशनच्या कागदावर हे दिसतच नाही. प्रोसेसरने खाल्लेली वीज शेवटी जवळपास सगळी उष्णताच होते. ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणजे ते जुने पिवळे ६० वॅटचे बल्ब यायचे ना, हात लावला की चटका बसायचा, तो बल्ब त्या काडेपेटीएवढ्या जागेत पेटवलाय असं समजा. ती गरमी बाहेर काढायला दोनच गोष्टी लागतात, धातू आणि हवा, आणि दोन्हीला जागा लागते. टॉवरमध्ये ती आहे. ऑल-इन-वनमध्ये स्क्रीनमागे दोन-चार बोटांची फट आहे आणि वर तो स्क्रीन स्वतःही थोडा तापतोच.

मग कंपन्या काय करतात? लॅपटॉपचा प्रोसेसर टाकतात. साधारण १५ ते ४५ वॅटवाला. यात फसवणूक नाही, पण नावं इतकी सारखी असतात की माणूस फसतो. बाहेर स्टिकरवर दोन्हीकडे इंटेलचं कोअर आय७ हेच नाव लिहिलेलं, पण पूर्ण नावाच्या शेवटी यू किंवा एच असेल तर तो लॅपटॉपचा, टी असेल तर डेस्कटॉपचाच पण कमी विजेवर चालणारा, आणि के असेल तर मोठा डेस्कटॉपवाला, जो जोर लावला की १२५ वॅट आणि त्याच्याही वर जातो. दोन सख्ख्या भावांची नावं सारखी ठेवावीत आणि एक मॅरेथॉनवाला आणि दुसरा गल्लीच्या टोकापर्यंत पळणारा निघावा तसं आहे हे.

आणि गल्लीच्या टोकापर्यंत पळायचंच असेल तर काहीच फरक पडत नाही, हेही तितकंच खरं. ब्राउझर उघडला, मेल लिहिला, एक्सेलमध्ये बेरजा केल्या, व्हिडिओ कॉल केला, यात प्रोसेसर क्षणभर जोर लावतो आणि परत सुस्त पडतो, तापायला वेळच मिळत नाही. फरक दिसतो तो सलग अर्धा तास व्हिडिओ एक्सपोर्ट करताना किंवा गेम खेळताना. चिप १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की ती स्वतःला वाचवायला वेग कमी करते, याला थ्रॉटलिंग म्हणतात. पहिली पाच मिनिटं भन्नाट, नंतर हळूहळू दम लागलेल्या माणसासारखं. आणि छोटे पंखे जोरात फिरतात त्यामुळे आवाज येतो तो वेगळा, मोठा पंखा हळू फिरवून जेवढी हवा मिळते तेवढीच हवा छोट्या पंख्याला किंचाळून द्यावी लागते.

ग्राफिक्स कार्डाचं तर विचारूच नका. आरटीएक्स ४०९० एकटं ४५० वॅटपर्यंत जातं, आणि बऱ्याच ऑल-इन-वनचा सगळा मिळून अडॉप्टरच ९० ते १५० वॅटचा असतो. हिशोब तिथेच संपला.

या सगळ्याची चांगली बाजू पण आहे हां, कमी वॅट म्हणजे कमी वीज. दिवसभर चालू राहणाऱ्या आणि फारसं जड काम नसलेल्या मशीनला लॅपटॉपचा प्रोसेसर उलट शहाणपणाचा आहे.

## "पण खरंच अपग्रेड कोण करतं हो?"

फार थोडे लोक. हे डब्याच्या भक्तांनी कबूल करायला पाहिजे. मी स्वतः डबेवाला आहे तरी सांगतो, बहुतेक लोक ज्या प्रोसेसरसोबत मशीन घेतात त्याच प्रोसेसरसोबत ते मशीन भंगारात देतात, आणि चार रिकामे स्लॉट शेवटपर्यंत धूळ खात पडतात.

पण दोन गोष्टी मात्र अगदी साधी माणसंही करतात. एक, रॅम वाढवणं. दोन, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकणं. दुसरीचा फरक तर असा की लोकांना वाटतं मशीनच बदललं, कारण फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या वर, आणि एनव्हीएमई म्हणतात ती बोर्डावर खोचायची पट्टी ३,००० च्या पुढे सहज जाते. ही दोन कामं ऑल-इन-वनमध्ये होतच नाहीत असं नाही, पुष्कळ मॉडेलमध्ये होतात, फक्त काहींत मागे दोन स्क्रू काढायचे असतात आणि काहींत स्क्रीनच चिकटपट्टीने डकवलेला असतो आणि तो उचकटायचा धीर लागतो. ॲपलच्या आयमॅक या ऑल-इन-वनचंच उदाहरण घ्या, २७ इंचीच्या मागे २०२० च्या मॉडेलपर्यंत रॅमसाठी छोटं झाकण होतं, बटण दाबलं की उघडायचं. २०२१ च्या २४ इंचीत रॅम थेट चिपसोबतच आली, घेताना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर.

आणि तिसरी गोष्ट, जी माणूस करत नाही, त्याच्यावर येऊन पडते. रिपेअर.

माझ्या मावशीकडे ऑल-इन-वन होता, छान होता, सहा वर्षं काही कुरकुर नाही. एके दिवशी स्क्रीन काळा. मशीन चालू, पंखा फिरतोय, चालू होतानाचा आवाजही आला. मी मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारला तर आतमध्ये पुसट सगळं दिसत होतं, आयकॉन वगैरे, म्हणजे स्क्रीनमागची लाईट गेलेली, बाकी सगळं ठणठणीत. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले या मॉडेलचं पॅनेल आता येत नाही. शेवटी नशिबाने मागे एचडीएमआय आउट, म्हणजे चित्र बाहेरच्या स्क्रीनला पाठवायची खाच, होतं म्हणून एक जुना मॉनिटर लावला, आणि पुढचे आठ महिने तो देखणा ऑल-इन-वन भिंतीकडे तोंड करून मॉनिटरच्या मागे उभा होता, शिक्षा झाल्यासारखा.

माझ्या डब्याचा एसएमपीएस गेला तेव्हा दुसरा आणून लावला, अर्धा तास. त्यातही वीस मिनिटं स्क्रू शोधण्यात.

## मग डबा काय अमर असतो का?

नाही. ही दुसरी अतिशयोक्ती. "आज घे, हळूहळू वाढवत जा" असं सांगतात तेव्हा असं वाटतं की पार्ट बदलत बदलत हे मशीन वीस वर्षं चालेल. पण प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ती खाच, म्हणजे सॉकेट, काही वर्षांनी बदलतं. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीचं एक सॉकेट आणि त्याच्यानंतरच्या कोअर अल्ट्रा २०० डेस्कटॉप प्रोसेसरांचं वेगळंच. रॅमचंही तसंच, तिच्याही पिढ्या असतात आणि डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ ची पट्टी बसतच नाही, कंगोरा मुद्दाम दुसऱ्या जागी केलेला असतो. म्हणजे प्रोसेसर बदलायला गेलात की बोर्ड आला, बोर्ड आला की रॅम आली.

विंडोज ११ च्या वेळी हेच झालं. ज्यांच्याकडे इंटेलच्या सातव्या पिढीचा डबा होता त्यांना वाटलं आठव्या पिढीचा प्रोसेसर आणू आणि खोचू, तर नाही, सॉकेट दिसायला तसंच पण त्या बोर्डावर चालत नाही. याउलट इंटेलसारखेच प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांची चांदी झाली, २०१७ च्या कित्येक बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२० साली आलेले रायझन ५००० प्रोसेसर चालले. बायोस म्हणजे बोर्डातलं मूळचं छोटं सॉफ्टवेअर. पण हे नशीब, नियम नव्हे.

तरी एक लक्षात घ्या, इंटेलवाल्याला बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम नवं घ्यावं लागलं तरी मॉनिटर, कॅबिनेट, एसएसडी, आणि एसएमपीएस बरा असेल तर तोही, तसाच राहिला. डबा अमर नसतो, पण मरतो तो हप्त्याहप्त्याने.

आणि एक सापळा सांगतो. सगळे डबे सुटे नसतात. मोठ्या कंपन्यांचे तयार टॉवर, खासकरून ते बारके ऑफिसवाले, त्यांच्यात बरेचदा बोर्डाचा आकार कंपनीचा स्वतःचा, एसएमपीएसचा प्लग स्वतःचा, त्यामुळे बाहेरचा पार्ट आणला की बसत नाही. दिसायला डबा, स्वभावाने ऑल-इन-वन. घेण्याआधी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल नेटवर शोधा, बऱ्याच कंपन्या ते फुकट ठेवतात, त्यात कुठला पार्ट कसा निघतो याची चित्रं असतात. ते दहा मिनिटं चाळलं की जाहिरातीच्या दहा पानांपेक्षा जास्त कळतं.

## रॅम सोल्डर करतात ती नुसती लबाडी का?

सोल्डर म्हणजे डाग देऊन पक्की करणं, काढता न येणारी. यात धंदा आहेच, जास्तीची रॅम कंपनीकडूनच तिच्या भावाने घ्यावी लागते. पण नुसता धंदाच आहे असंही नाही. चिप आणि रॅममधलं अंतर जितकं कमी तितका डेटा वेगाने आणि कमी विजेत जातो, मधे खाच आली की सिग्नल थोडा खराब होतो. फ्रेमवर्क ही कंपनी सहज उघडता येणाऱ्या लॅपटॉपसाठीच ओळखली जाते, तिने २०२५ मध्ये छोटा डेस्कटॉप आणला आणि त्यात रॅम सोल्डर केलेली, कारण त्या एएमडीच्या चिपला सेकंदाला २५६ जीबी एवढा डेटा पुरवायचा होता आणि सुट्या पट्ट्यांनी ते जमेना. सुट्या डीडीआर५ च्या दोन पट्ट्या लावून साधारण ९० जीबीच्या आसपास मिळतात. ज्यांना घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवायचंय त्यांना हा फरक सोन्यासारखा आहे. बिलं, अभ्यास आणि यूट्यूबवाल्याला त्याचं काहीही नाही.

तेव्हा सोल्डर केलेली रॅम दिसली तर घाबरू नका, फक्त आजच्या गरजेच्या दुप्पट घ्या. आठ जीबी पुरते असं वाटत असेल तर सोळा.

## "मला वायरी नकोत, टेबल स्वच्छ हवं"

अगदी मान्य. दिसणं हा काही हलका मुद्दा नाही, मशीन बैठकीच्या खोलीत असेल तर रोज डोळ्यासमोर असतं. पण त्यासाठी सगळं एकत्र चिकटवलेलंच घ्यायला पाहिजे असं नाही, मधला एक रस्ता आहे आणि मला तोच जास्त आवडतो: मिनी पीसी. तळहातावर मावेल एवढी चौकोनी डबी. बऱ्याच मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंची भोकं असतात, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर, व्हेसा माउंट म्हणतात त्याला, तिथे पट्टी लावून ही डबी अडकवायची. समोरून बघणाऱ्याला ऑल-इन-वनच वाटतो. पण डबी मेली तर डबी बदला, स्क्रीन गेला तर स्क्रीन.

आत बहुतेकांत लॅपटॉपचाच प्रोसेसर असतो, त्यामुळे उष्णतेचं जे पुराण वर लावलं ते सगळं इथेही लागू. पुष्कळ मिनी पीसींत लॅपटॉपवाल्या छोट्या रॅमच्या पट्ट्या बदलता येतात, पण सगळ्यांत नाही, ॲपलच्या मॅक मिनीत रॅम चिपसोबतच पक्की आहे.

लॅपटॉपच घेऊन मॉनिटर का जोडू नये, असंही विचारतात. जोडा की. मशीन महिन्यातून दोनदा तरी घराबाहेर जाणार असेल तर तेच करा. कधीच जाणार नसेल तर बॅटरीचे आणि नाजूक बिजागरीचे पैसे उगाच.

## मग कोणी काय घ्यावं

गेम खेळणार, थ्रीडी करणार, मोठे व्हिडिओ कापणार, त्याने टॉवरच घ्यावा, आणि एसएमपीएस गरजेपेक्षा थोडा मोठा घ्यावा कारण पुढे कार्ड बदललं की पहिला तोच कमी पडतो. साधं घरकाम असेल आणि मशीन कोणीतरी समजणारं माणूस अधूनमधून बघत असेल तर मिनी पीसी आणि चांगला मॉनिटर. ऑल-इन-वन मी कोणाला सुचवतो? ज्या घरात काय कुठे जोडायचं हे सांगायला कोणी नाही, जिथे आजोबांनी एकच बटण दाबलं की सगळं सुरू व्हायला पाहिजे, किंवा रिसेप्शनच्या टेबलावर जिथे जागाच नाही. आणि ज्याला रंग अचूक दाखवणारा, अगदी बारीक अक्षरं ठळक दिसणारा स्क्रीन हवाय त्याला काही महागडे ऑल-इन-वन खरंच परवडतात, तसा स्क्रीन वेगळा घ्यायला गेलं तर तोच फार महाग पडतो. पण घेताना दोन गोष्टी दुकानदाराला विचाराच: वॉरंटी जास्तीत जास्त किती वर्षांची वाढवून मिळते, आणि एचडीएमआय इन आहे का. आउट नव्हे, इन. इन असेल तर आतला कॉम्प्युटर म्हातारा झाल्यावर बाहेरून दुसरं मशीन जोडून तो स्क्रीन नुसता मॉनिटर म्हणून वापरता येतो. जुन्या आयमॅकमध्ये अशी सोय होती, टार्गेट डिस्प्ले मोड नावाची, २००९ ते २०१४ च्या मॉडेलांत, मग ५के स्क्रीन आला आणि ती गेली.

## आणि घरात ऑल-इन-वन आधीच असेल तर

तर लगेच फेकू नका. आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी टाकून बघा, स्लो आहे अशी निम्मी तक्रार तिथेच मिटते. विंडोज ११ घेत नसेल तर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून ब्राउझरपुरतं मशीन आणखी काही वर्षं चालतं, बँकेचं आणि मेलचं काम त्यावर नीट होतं. स्क्रीन गेला असेल तर मागे एचडीएमआय आउट शोधा, आणि काहीच नसेल तर निदान आतलं सामान काढून घ्या.

मावशीचा शेवटी मीच उघडला. एसएसडी काढून एका यूएसबी केसमध्ये घातली, तिचे सगळे फोटो आता त्याच्यात असतात. लॅपटॉपवाली रॅमची पट्टी निघाली ती तिच्या नव्या मिनी पीसीत बसेल म्हणून मोठ्या उत्साहाने घेऊन गेलो. नाही बसली. डीडीआर४ होती.